साथीच्या काळात मुलांचं अपेंडिक्स: फुटण्याचं प्रमाण खरंच वाढलं होतं का?

कडुनिंब

कोविडच्या पहिल्या दोन वर्षांतले बालशल्यचिकित्सेचे अहवाल चाळले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अपेंडिक्ससाठी रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये, फुटल्यावर आलेल्यांचा वाटा वाढलेला होता. इटली, इस्रायल, ब्रिटन, अमेरिका, आपल्याकडची मोठी रुग्णालयं, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चित्र. कारण म्हणून 'पालक घाबरून उशिरा आले' असं एका ओळीत लिहून लेखक मोकळे होतात.

मला ते तेवढं सरळ वाटत नाही. सगळा उशीर घरीच झाला, की रुग्णालयाच्या दारात आणि दाराच्या आतही झाला? शिवाय, साधी सूज असलेली काही मुलं घरीच बरी झाली असतील, तर फुटलेल्यांची टक्केवारी आपोआप वाढलेली दिसणार. जाणकारांनी लिहावं. आणि पुन्हा कधी दारं बंद करून बसायची वेळ आली, तर पोट दुखणाऱ्या मुलात घरी नेमकं काय बघायचं, तेही लिहा. धाग्याचा वैद्यकीय सल्ला म्हणून वापर करू नये, हे आहेच.

चिमटा_कात्री

आधी घड्याळ समजून घ्या. अपेंडिक्सचं तोंड बंद होतं, कधी आतल्या लसिकापेशींच्या सुजेने, कधी घट्ट झालेल्या विष्ठेच्या खड्याने. आत स्राव साठतो, दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, मग ती सडते आणि फुटते. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण ३६ ते ४८ तासांनंतर फुटण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

मुलांमध्ये हे घड्याळ मोठ्यांपेक्षा निर्दय असतं. भिंत पातळ. पोटातला चरबीचा पडदा (वपाजाल) पुरता वाढलेला नसतो, त्यामुळे मोठ्या माणसात तो जसा जाऊन सुजलेल्या भागाला गुंडाळतो आणि पू एका जागी कोंडतो, तसं लहान मुलात होत नाही. पू पोटभर पसरतो. पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होतं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा अपेंडिक्स फुटलेलंच असतं, आणि हे साथ नसताना. अशा वयोगटात एक दिवस वाया गेला तर काय होईल, याला अभ्यासाची गरज नाही.

आणखी एक. फुटल्याक्षणी आतला दाब सुटतो आणि दुखणं काही तास कमी होतं. पालकांना वाटतं, उतरलं. फोनवरच्या डॉक्टरलाही तसंच वाटतं. मग ताप चढतो, पोट फुगतं आणि सगळीकडे दुखू लागतं.

बोबडेबोल

उशीर कुठे झाला याचं उत्तर 'सगळीकडे थोडा थोडा' असं आहे.

पहिला टप्पा घर. दुसरा फोन. २५ मार्च २०२० ला, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ते योग्यच होतं. पण अपेंडिक्सचं निदान मुख्यतः हाताने होतं, आणि फोनवरून पोटाला हात लावता येत नाही. ताप, उलटी, पोटदुखी एवढं ऐकल्यावर त्या दिवसांत पहिलं नाव कोविडचं यायचं, दुसरं जुलाब-उलट्यांच्या साथीचं.

तिसरा टप्पा दार. ताप असलेलं प्रत्येक मूल आधी ताप-विभागात, मग स्वॅब, मग अहवालाची वाट. आयसीएमआरच्या सूचनांत स्पष्ट म्हटलं होतं की तपासणी झाली नाही म्हणून तातडीची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण थांबवू नये. कागदावर होतं. रात्रपाळीच्या टेबलावर ते पोचलं होतंच असं नाही. चौथा टप्पा: जवळचं रुग्णालय फक्त कोविडसाठी राखीव झालेलं, मुलांचा शल्यविभाग दुसरीकडे हलवलेला, म्हणजे पुन्हा रुग्णवाहिका.

फसवणारा प्रकार म्हणजे ओटीपोटात खाली लोंबणारं अपेंडिक्स. ते गुदाशयाला टेकतं, म्हणून थोडी थोडी, शेंबडी, वारंवार शी होते. मूत्राशयाला टेकतं, म्हणून सारखी लघवी लागते. जुलाबाचं औषध किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाचं औषध सुरू होतं आणि दोन दिवस जातात. खऱ्या आंत्रदाहात (आतड्याच्या संसर्गात) जुलाब भरपूर आणि पाण्यासारखे असतात. क्रम विचारा: आधी पोट दुखलं आणि मग उलटी झाली तर शस्त्रक्रियेचं पोट समजून चालावं, आधी उलट्या, मग दुखणं असेल तर बहुतेक वेळा आंत्रदाह. नियम शंभर टक्के नाही, पण फोनवर विचारता येण्यासारखा हा सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे.

चहाटळ

म्हणजे बेंबीला हिंग लावून बघण्याचा टप्पा यादीत नाही? आमच्या आळीत तो शून्यावा टप्पा आहे.

परसबाग

@चहाटळ, हिंगाला हसू नका. पिढ्यान् पिढ्या लावतोय, कुणाचं वाईट झालेलं नाही. वाताचं दुखणं थांबतं त्याने.

बोबडेबोल

@परसबाग, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावून अपाय होत नाही, त्याबद्दल भांडण नाही. अपाय पुढच्या तीन गोष्टींनी होतो: एरंडेल किंवा दुसरं रेचक, एनिमा, आणि 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेणं. सुजलेल्या अपेंडिक्समध्ये तिन्हींनी फुटण्याचा धोका वाढतो. चौथी गोष्ट म्हणजे घरात उरलेलं प्रतिजैविकाचं सिरप. दोन मात्रांनी ताप उतरतो, आजार नाही, आणि मग तपासणाऱ्याला अर्धवट दबलेलं पोट मिळतं.

पॅरासिटामॉल मात्र द्यायला हरकत नाही, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर. 'दुखणं मारलं तर निदान चुकतं' हा जुना समज आहे. वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नाही असं अभ्यासांतून दिसलं आहे. फक्त किती वाजता दिलं ते लिहून ठेवा, कारण ताप मोजताना ते लागतं.

परसबाग

रेचकाचं मान्य. हिंग राहू द्या.

गतिरोधक

घरी काय बघायचं, त्यावर. मुलाला चालायला सांगा. अपेंडिक्सचं मूल उजवीकडे किंचित वाकून, पाय घासत चालतं. मग उजव्या पायावर लंगडी घालायला सांगा. आनंदाने तीन-चार उड्या मारल्या तर शक्यता कमी. एका उडीत पोट धरलं किंवा उडी मारायलाच नाही म्हटलं तर गाडी काढा. लहान मूल लंगडी घालत नसेल तर खोकायला सांगा आणि चेहरा बघा. मग आडवं झोपवून त्याच्याच एका बोटाने 'कुठे दुखतं' ते दाखवायला सांगा. बेंबीवर बोट ठेवलं तर अजून ठरवता येत नाही, थोड्या तासांनी पुन्हा विचारा. सुरुवात बेंबीपाशी आणि मग उजवीकडे खाली सरकणं, ही जुनी खूण आहे. सर्वांत जास्त दुखरी जागा म्हणजे उजव्या कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर.

भूक हाही चांगला साक्षीदार आहे. आवडीचा पदार्थ समोर धरून बघा (खायला द्यायचा नाही, फक्त विचारायचं). नाही म्हणालं तर लक्ष ठेवा.

माझ्या आयडीला शोभेल अशी शेवटची खूण: ब्रिटनमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात, गाडी गतिरोधकावरून जाताना दुखणं वाढलं का, एवढाच प्रश्न मोठ्या रुग्णांना विचारला होता. ज्यांना अपेंडिक्स निघालं त्यांच्यापैकी ९७ टक्क्यांनी 'हो' म्हटलं होतं.

चहाटळ

आपल्या रस्त्यांवर निरोगी माणूससुद्धा 'हो'च म्हणेल.

गतिरोधक

म्हणूनच ती खूण उलटी वापरायची. त्या अभ्यासातही अपेंडिक्स नसलेल्या बऱ्याच जणांनी 'हो' म्हटलं होतं. 'हो'ने फार काही सिद्ध होत नाही. खड्ड्यातून जाऊनही मूल गप्पा मारत असेल तर ते कामाचं.

चिमटा_कात्री

@गतिरोधक यांनी लिहिलेलंच आम्ही गुणांत बांधतो. मुलांसाठीची गुणपत्रिका दहाची आहे. उजव्या खालच्या भागात दाबल्यावर दुखणं २, खोकताना किंवा उडी मारताना दुखणं २, दुखणं सरकणं १, भूक नसणं १, मळमळ किंवा उलटी १, ३८ अंश सेल्सिअसवर ताप १, पांढऱ्या पेशी दहा हजारांवर १, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) साडेसात हजारांवर १. तीनपर्यंत असेल तर घरी, पण १२ तासांत पुन्हा तपासणी. सात किंवा जास्त असेल तर शल्यचिकित्सक. चार ते सहा म्हणजे सोनोग्राफी आणि निरीक्षण.

यातले पाच गुण रक्ततपासणी न करता, ताप न मोजता, केवळ विचारून आणि बघून मिळतात. दाबून बघण्याचे दोन मात्र हाताने. साथीत हेच दोन गुण हरवले होते.

काळापांढरा_पडदा

सोनोग्राफीबद्दल. सहा मिलिमीटरहून जाड, दाबूनही न दबणारी, एका टोकाला बंद नळी दिसली की बहुतेक निदान झालं. आत खडा, भोवती पांढरट सुजलेली चरबी, जवळ पाणी, या पूरक खुणा. सपाट, उच्च वारंवारतेच्या प्रोबने हळूहळू दाब वाढवत मधली हवा बाजूला सारावी लागते, म्हणून वेळ लागतो. नेमका वेळच त्या काळात द्यायचा नव्हता: संशयित रुग्णाजवळ कमीत कमी थांबायचं, पीपीई किटमध्ये, चष्म्यावर वाफ, प्रोबवर आवरण, कीबोर्डवर प्लास्टिक.

अहवालात 'अपेंडिक्स दिसले नाही' असं लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ 'अपेंडिक्सचा आजार नाही' असा नव्हे. आतड्यामागे वळलेलं अपेंडिक्स वायूमुळे दिसत नाही. त्या ओळीवर मूल घरी पाठवणं ही साथीच्या आधीचीही चूक आणि साथीतलीही. सहा ते बारा तासांनी पुन्हा करा.

एक गंमतशीर उलटा प्रकारही व्हायचा. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांचा तळ येतो. तिथे काचेसारखे धूसर पट्टे दिसून, पोटासाठी आलेल्या रुग्णात कोविडचा पहिला संशय तिथेच यायचा.

उंबरठा

तुम्ही सगळे गृहीत धरताय की ताप आणि पोटदुखी म्हणजे अपेंडिक्सच, फक्त निदान सुटलं. उलट बाजूही होती ना? मिस-सी मध्ये (कोविडनंतर मुलांत अनेक अवयवांना होणारा दाह) पोट उघडून अपेंडिक्स चांगलं निघाल्याची उदाहरणं आहेत.

बोबडेबोल

@उंबरठा, महत्त्वाचा मुद्दा, थोडं सविस्तर लिहिते.

एप्रिल २०२०च्या शेवटी ब्रिटनमधून पहिला इशारा आला, १५ मे ला जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या दिली: वय १९ पर्यंत, तीन दिवस किंवा जास्त ताप, एकाहून जास्त अवयवांवर परिणाम, दाहाच्या तपासण्या वाढलेल्या, आणि कोविड होऊन गेल्याचा पुरावा. संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी होतो. आपल्याकडे दुसऱ्या लाटेनंतर, मे-जून २०२१ मध्ये बालरोग विभाग याच मुलांनी भरले होते. पोटदुखी आणि उलट्या यात इतक्या सर्रास आणि तीव्र, की अनेक मुलं आधी शल्यचिकित्सकाकडेच गेली.

फरक कुठे? मिस-सी मध्ये ताप आधी आणि जोरात येतो, ३९-४० अंश, दुखणं नंतर. अपेंडिक्समध्ये दुखणं आधी, ताप नंतर आणि फुटेपर्यंत बेताचा. मिस-सी मध्ये डोळे लाल पण चिकट नाहीत, ओठ-जीभ लाल, अंगावर पुरळ, तळहात सुजलेले. नाडी तापाच्या मानाने फार जलद, रक्तदाब घसरलेला, हातपाय गार. रक्तात लिम्फोसाइट कमी, प्लेटलेट कमी, सोडियम कमी, दाह दाखवणारे सीआरपी आणि फेरिटिन खूप जास्त, हृदयावर ताण दाखवणारं प्रो-बीएनपी वाढलेलं. साध्या अपेंडिक्समध्ये प्लेटलेट सहसा ठीक असतात. सोनोग्राफीत मिस-सी मध्ये लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजलेलं, गाठी वाढलेल्या, पोटात पाणी. अपेंडिक्स स्वतः बारीक.

संशय असेल तर भूल देण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. कमजोर हृदयाच्या मुलाला घाईत भूल देणं धोक्याचं. उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, दर किलोला दोन ग्रॅम, आणि स्टेरॉइड.

अडचण अशी की काहींना दोन्ही असायचं. मिस-सी आहे म्हणून पोटाकडे दुर्लक्ष करायचं, असंही चालत नाही. सहा तासांनी पुन्हा हात लावा.

गॅसबाटली

भूल विभागाकडून. संशयित किंवा पॉझिटिव्ह मुलाचं ऑपरेशन म्हणजे आधीच्या पद्धतीत थोडी भर, एवढंच नव्हतं. रडणारं मूल म्हणजे तुषार उडवणारं यंत्रच, त्यामुळे शिरेत सुई आधीच लावलेली हवी आणि भूल शिरेतूनच. श्वासाची नळी 'कफ'वाली (भोवती फुगा असलेली), म्हणजे बाजूने गळती नाही. नळी आणि सर्किटच्या मध्ये विषाणू गाळणारा फिल्टर. इथे चूक होते: मोठ्यांचा फिल्टर लहान मुलाला लावला तर त्यातली मृत जागा (सोडलेली हवा अडकून राहते ती) त्याच्या श्वासाच्या मानाने फार मोठी पडते आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. वजनाप्रमाणे बालकांचाच फिल्टर हवा. मोठ्यांमध्ये 'मास्कने श्वास द्यायचाच नाही' असा दंडक होता. लहान मुलाचा ऑक्सिजन अर्ध्या-एक मिनिटात घसरतो, म्हणून दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरून, हलक्या दाबाने श्वास द्यावाच लागतो. नळी घालताना आणि काढताना खोलीत कमीत कमी माणसं, आणि नंतर हवा बदलेपर्यंत इतरांनी थांबायचं. शुद्धीवर येणंही त्याच खोलीत, बाहेरच्या हॉलमध्ये नाही.

फुटलेलं असेल तर आधी सलाईन, दर किलोला २० मिलिलिटरपर्यंत, नाडी बघत; प्रतिजैविकं सुरू; मग टेबलावर. सुकलेल्या मुलाला तसंच भूल देऊन रक्तदाब कोसळवायचा आणि विषाणूला दोष द्यायचा, असं करू नये.

चिमटा_कात्री

दुर्बिणीबद्दल जोडतो. मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या शल्यचिकित्सक संस्थांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शक्यतो टाळा असा सल्ला दिला होता, कारण पोटात भरलेला वायू बाहेर उसळताना विषाणू पसरेल ही भीती. नंतर तो सल्ला सैल झाला. मधला मार्ग असा निघाला: वायूचा दाब पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटर, धूर फिल्टरमधून ओढायचा, छेद नेमके, आणि पोर्ट (पोटात घातलेल्या नळ्या) काढण्याआधी सगळा वायू बंद नळीतून बाहेर.

कडुनिंब

उत्तम माहिती. त्याच काळात 'ऑपरेशन नको, नुसती प्रतिजैविकं' हा पर्यायही पुढे आला ना? तो मुलांना चालतो का?

चिमटा_कात्री

निवडक मुलांना. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांचा १०६८ मुलांचा अभ्यास योगायोगाने २०२० मध्येच छापून आला. वर्षभरानंतर प्रतिजैविक गटातल्या ६७ टक्के मुलांना ऑपरेशन लागलं नव्हतं. पण प्रवेशाच्या अटी बघा: दुखणं ४८ तासांच्या आत, जाडी ११ मिलिमीटरपर्यंत, खडा नाही, गळू नाही. आणि गट पालकांनी निवडले होते. २०२५ मध्ये लॅन्सेटमध्ये पाच देशांतला, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला ९३६ मुलांचा अभ्यास आला: वर्षभरात प्रतिजैविकं ३४ टक्क्यांत अपुरी पडली, शस्त्रक्रिया ७ टक्क्यांत. म्हणजे तिघांपैकी एकाला पुन्हा यावंच लागतं. टाळेबंदीत, रात्री, दुसऱ्या जिल्ह्यातून. माझ्या मते ज्या घरापासून रुग्णालय तासाभराच्या आत नाही त्यांनी साथीत हा पर्याय घेऊ नये. खडा असेल तर कुणीच घेऊ नये.

उंबरठा

मला उलटं वाटतं. भूलतज्ज्ञ आणि खाट दोन्ही नसताना दोन दिवस शिरेतून औषध देऊन वेळ काढणं काही वाईट नाही.

चिमटा_कात्री

रुग्णालयात ठेवून, हो. सिरप देऊन घरी, नाही.

जुनीपुराणी

विषयांतर. नोंद असलेली पहिली अपेंडिक्सची शस्त्रक्रिया मुलावरच झाली होती. १७३५, लंडन, सेंट जॉर्जेस रुग्णालय, शल्यचिकित्सक क्लॉडियस अम्यांड, रुग्ण ११ वर्षांचा मुलगा. अपेंडिक्स हर्नियात उतरलेलं आणि आत टाचणीने भोक पाडलेलं. भूल नावाची वस्तू यायला अजून शंभरेक वर्षं होती. मुलगा वाचला.

चहाटळ

आणि त्याला स्वॅबचा अहवाल मागितला नाही.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे. @कडुनिंब यांची शंका रास्त आहे. शंभरांत ३० फुटलेले असतील आणि साथीत साध्या ७० पैकी ३० जण आलेच नाहीत, तर फुटलेले तेवढेच राहूनही वाटा ३० वरून ४३ टक्के होतो. (आकडे समजण्यापुरते.) मोठ्यांच्या काही अहवालांत असंच दिसलं: साध्या केसेस घटल्या, फुटलेल्यांची संख्या जवळपास तीच. त्यावरून काही साधी अपेंडिक्सं आपोआप शमतात असा निष्कर्ष निघतो, आणि प्रतिजैविकांच्या अभ्यासांशी तो जुळतो.

पण मुलांच्या अनेक अहवालांत वाटाच नव्हे, फुटलेल्यांची प्रत्यक्ष संख्याही वाढली, आणि सोबत दुखणं सुरू झाल्यापासून दाखल होईपर्यंतचा वेळही. दोन्ही एकदम वाढले तर केवळ भाजकाचा खेळ म्हणता येत नाही. आणखी एक सापळा: आसपासची छोटी रुग्णालयं बंद झाली की अवघड केसेस मोठ्या केंद्रात गोळा होतात, म्हणून एकाच रुग्णालयाच्या आकड्यांवर विसंबू नका. विषाणू स्वतः अपेंडिक्स सुजवतो का, याचा पुरावा तुरळक केसेसच्या पलीकडे जात नाही. मी उशिराच्या बाजूने.

कडुनिंब

पटलं. एक व्यावहारिक प्रश्न राहिला. निघायचं ठरलं, पुढे अहवालाची वाट बघायची आहे, तर तोवर मुलाला खायला-प्यायला द्यायचं का?

गॅसबाटली

घन पदार्थ, दूध, बिस्किट काही नाही. भुलेआधी सहा तास पोट रिकामं हवं. आईचं दूध चार तास आधीपर्यंत. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, घोट घोट, पण उलट्या होत असतील तर तेही नको. फळांचा रस गाळलेला नसेल तर तो घन समजा. शेवटचं काय आणि किती वाजता पोटात गेलं ते कागदावर लिहून सोबत ठेवा, शेजारी वजन, ॲलर्जी आणि पॅरासिटामॉलची वेळ. अहवालाला उशीर होणार असेल तर 'उपाशीच ठेवा' म्हणून बारा तास कोरडं बसवू देऊ नका, सलाईन मागा. १०८ ला फोन करताना 'ताप आहे' एवढंच सांगू नका. 'पोट दुखतंय, उजवीकडे, इतक्या वाजल्यापासून' असं सांगा, म्हणजे गाडी मुलांचा शल्यविभाग चालू असलेल्या ठिकाणी नेण्याची शक्यता वाढते.

परसबाग

आणि हिंगाचा लेप पुसून न्या, सोनोग्राफीवाल्यांना वास येतो.

काळापांढरा_पडदा

वासाचं काही नाही हो. पण जाड वाळलेला लेप प्रोबखाली आडवा येतो. पुसूनच आणा.